कापलेल्या जाळीचा तुकडा

गाडीची किल्ली काढायला लोवेल स्ट्राउडनं कोटाच्या खिशात हात घातला, तर बोटांना भलतंच काहीतरी लागलं. मऊ, पण एका टोकाला टणक. रविवारची प्रार्थना नुकतीच सुटली होती. चर्चच्या दारात लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून "आज संध्याकाळी नाव येणारच, कोच, बघाच तुम्ही," असं म्हणत पुढे सरकत होते आणि तो मान हलवत, हसल्यासारखं करत गाडीपर्यंत आला होता. त्यानं ती वस्तू बाहेर काढली. पांढऱ्या जाड दोरीचा बोटभर तुकडा. एका टोकाला गाठ, दुसरं टोक कात्रीनं कापलेलं आणि पिंजारलेलं. बास्केटबॉलच्या जाळीचा तुकडा. सगळी हयात त्या जाळीखाली गेली, पण कापलेला तुकडा असा हातात पहिल्यांदाच येत होता. आणि तो खिशात कुणी ठेवला हेही त्याला त्याच क्षणी कळलं. "किल्ली सापडत नाही का?" नडीननं गाडीच्या पलीकडून विचारलं. बायकोच्या आवाजात कालपासून एक जपून बोलणं आलं होतं, आजाऱ्याशी बोलावं तसं, आणि त्याचाही त्याला राग येत होता. "सापडली," तो म्हणाला आणि तुकडा परत खिशात कोंबला.

कॉर्विन टीग. दुसरा कोण असणार. काल सामना संपल्यावर सभागृहाच्या मागच्या दारापाशी, लोवेलचा संघ मान खाली घालून बसमध्ये चढत असताना, हा, जिंकलेल्या संघाचा कोच, धावत आला होता. केस ओले, शर्टाची बटणं तुटलेली आणि गळ्यात ती कापून उतरवलेली जाळी, नवरदेवानं हार मिरवावा तशी. "कोच," म्हणून त्यानं मिठीच मारली होती. लोवेलनंही पाठ थोपटली होती, कारण आजूबाजूला कॅमेरे होते. तेव्हाच त्यानं खिशात हात घातला असणार. त्यांच्या खेळातला हा रिवाज जुना. अंतिम सामना जिंकला की रिंगखाली शिडी लागते, एकेक खेळाडू वर चढतो, कात्रीनं जाळीची एकेक गाठ तोडतो, तुकडा टोपीत खोवतो. शेवटी कोच चढतो, उरलेली गाठ तोडतो आणि जाळी गळ्यात घालून खाली बघतो. त्या वेळी कोचच्या चेहऱ्यावर काय असतं ते लोवेलला पाठ होतं, कारण त्यानं ते नेहमी खालून बघितलं होतं. सव्वीस वर्षांत पाच वेळा त्याचा संघ हिवाळाभर सगळ्यांच्या वर राहिला आणि पाचही वेळा मार्चमधल्या स्पर्धेच्या त्या तीन दिवसांत कुठंतरी पाय घसरला. कालही तसंच. एका गुणानं. बघायचं नाही असं ठरवूनही तो मैदानाबाहेर जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून बघत राहिला होता. कॉर्विन शिडीवर चढला तेव्हा त्याच्या बुटाची नाडी सुटलेली होती. पडला तर, असं लोवेलच्या मनात आलं होतं. काळजीनं आलं होतं का, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

गाडी नदीकाठच्या रस्त्याला लागली. नदी फुगली होती, पाणी मातकट होतं, पलीकडच्या केंटकीच्या काठावर कुणीतरी पालापाचोळा जाळत होतं. नडीननं रेडिओला हात लावला आणि परत काढून घेतला. लोवेलच्या डोक्यात तेच ते चाललं होतं जे दरवर्षी या रविवारी चालतं, फक्त या वर्षी जास्त. त्यांचा गट दहा छोट्या कॉलेजांचा. नदीकाठची, कोळशाच्या नि मक्याच्या गावांतली कॉलेजं. या गटातून देशाच्या मोठ्या स्पर्धेला जायचं तर मार्चमधली गटाची स्पर्धा जिंकायची, एवढाच एक सरळ दरवाजा. हिवाळाभर अव्वल राहिलात, ठीक आहे, कप घ्या नि घरी ठेवा. बड्या विद्यापीठांच्या गटांचं तसं नसतं. त्यांचे सातसात, आठआठ संघ जातात. त्यांचा सहाव्या नंबरचा संघसुद्धा, अर्धे सामने हरलेला, ऐटीत जातो, कारण तो म्हणे तगड्यांकडून हरला. आणि तुम्ही तगड्यांशी खेळा म्हटलं तर बडे तुमच्या दारी यायला तयार नाहीत. तुम्हीच या आमच्याकडे, आमच्या सभागृहात, आमच्या पंचांसमोर. लोवेलनं वर्षानुवर्षं फोन केले होते. "तुमचं सभागृह छान आहे हो, पण जमायचं नाही." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, इथं तर पिकवणाऱ्याला बाजारातच शिरू देत नव्हते. उरलेल्या जागा वाटायला बारा जण एका बंद खोलीत बसतात. त्यांचे प्रश्न दोनच. कुणाला हरवलंत, आणि कुणाकडून हरलात. या वर्षी पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, वर्तमानपत्रांतून येत होतं की नदीकाठच्या गटातून कदाचित दोन संघ जातील. कॉर्विनचा तर जाणारच. दुसरा, नोव्हेंबरात एका बड्या विद्यापीठाला त्यांच्याच घरी घाम फोडून आलेला, लोवेलचा. आज संध्याकाळी सहाला कळणार होतं.

फेब्रुवारीत घरच्या सभागृहात त्यांनी पहिला नंबर पक्का केला, त्या रात्री सभागृहाच्या माणसानं आपण होऊन शिडी आणली होती. जॅरेल प्रुइट, त्याचा शेवटच्या वर्षाचा खेळाडू, गावातलाच, कुठून तरी कात्री घेऊन आला होता. पोरं ओरडत होती, बँड वाजत होता. पुष्कळ कॉलेजं कापतात अशी जाळी, त्यात वावगं काही नाही. पण लोवेलनं हात वर केला होता. "शिडी परत न्या. ही जाळी नाही. खरी जाळी अजून तीन आठवड्यांवर आहे." जॅरेलनं कात्री पाठीमागे लपवली होती, चोरी पकडल्यासारखी. तेव्हा लोवेलला आपण फार मोठं काहीतरी बोललो असं वाटलं होतं. वर्तमानपत्रानंही ते वाक्य छापलं होतं. आता गाडी चालवताना त्याला ती कात्री दिसत होती, लाल मुठीची, कुणाच्या तरी आईच्या शिवणाच्या डब्यातली.

"कॉर्विनचा मेसेज आला होता सकाळी," नडीन म्हणाली. "तुला नाही बोलले."

"तुला का मेसेज करतो तो?"

"विचारत होता, कोच झोपले का नीट." तिनं मांडीवरची पर्स सरळ केली. "चांगला मुलगा आहे, लोवेल."

चांगला मुलगा. बारा वर्षांपूर्वी हा चांगला मुलगा एक बॅग नि एक मोडकी गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला होता. लोवेलला मदतनीस हवा होता, पगार असा की त्यात भाड्याची खोलीही मिळायची नाही, तेव्हा त्यांच्याच तळघरातल्या सोफ्यावर तो पूर्ण हिवाळा झोपला. नडीन त्याला दालचिनी घातलेली चिली, खिम्याचं ते दाट कालवण, वाढायची, वर चीजचा ढीग, आणि तो तीन वाडगे खायचा नि म्हणायचा, "माझ्या आईला सांगू नका हं, पण तुमची जास्त चांगली आहे." नडीन हसायची. तशी ती लोवेलच्या कुठल्या बोलण्याला हसल्याचं त्याला आठवत नव्हतं, निदान त्या वर्षांत तरी. अजूनही ती शरद ऋतूत पर्सिमनच्या रानफळांचं पुडिंग करते नि एक डबा त्याच्या गावी पाठवते. ते पुडिंग लोवेलला आवडत नाही, हा भाग वेगळा. जेवणं झाल्यावर दोघं पुरुष टेबलाशी बसून राहायचे. मिठाची डबी, मिऱ्याची डबी, केचपची बाटली, दोन चमचे. पाच खेळाडू. एकदा लोवेलनं मिठाची डबी टेबलाच्या कडेबाहेर धरली होती. "हा बाहेरून चेंडू आत टाकणारा. याच्याकडे कुणी बघतं का? नाही. सगळ्यांचे डोळे चेंडूवर. हा टाकतो आणि गुपचूप मागून आत शिरतो. चेंडू फिरून याच्याच हातात. रिंगखाली एकटा." कॉर्विनचे डोळे चमकले होते. "कोच, हे शनिवारी वापरू या." आणि लोवेल म्हणाला होता, "हा टेबलावरचा खेळ आहे, पोरा. मैदानावर असली जादू चालत नाही. पास चुकला तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही." आणि डब्या पुन्हा कपाटात गेल्या होत्या.

काल चार सेकंद उरले असताना, एका गुणानं मागे असताना, कॉर्विननं पोरांना गोल उभं करून काय सांगितलं ते लोवेलला ऐकू आलं नाही. पण त्याचा खेळाडू चेंडू घेऊन रेषेबाहेर उभा राहिला तेव्हाच लोवेलच्या मानेवर काटा आला. मिठाची डबी. त्यानं ओरडायला तोंड उघडलंही. जॅरेलनं, बिचाऱ्यानं, सगळ्यांसारखंच चेंडूकडे बघितलं. मिठाची डबी मागून आत शिरली, चेंडू फिरून हातात आला, रिंगखाली ती एकटी होती. गुरूची विद्या गुरूला फळली असं लोक विनोदानं म्हणतात, पण ज्याला फळते त्याच्या पोटात काय होतं ते कुणी सांगत नाही. काल रात्रभर त्याच्या पोटात तेच होतं. हरल्याचं दुःख त्याला ओळखीचं होतं, ते कुठं दुखतं, किती दिवस दुखतं सगळं ठाऊक होतं. हे दुसरंच होतं. आपण जे करायला घाबरलो ते त्यानं केलं, आपल्याच डबीनं केलं, आणि आता तो चाळिशीही न ओलांडलेला माणूस गळ्यात जाळी घालून सगळ्या देशाच्या टीव्हीवर हसतोय. वर आपल्या खिशात तुकडा. भीक घातल्यासारखा. घे म्हातारबा, तुलाही.

घरी पोचेपर्यंत हे असं पक्कं झालं होतं. दुपारी बाराला रेडिओवाल्याचा फोन येणार होता, बक नावाचा, खेळाच्या गप्पांचा कार्यक्रम करणारा, अर्धं राज्य ज्याला ऐकतं असा. कॉलेजकडून सांगून ठेवलेलं होतं की गोड बोला, कोच, आज प्रत्येक शब्द मोलाचा आहे. लोवेल कोट न काढताच पायऱ्यांवर बसला. हात खिशात होता, बोटं गाठीवर. बकनं आधी हिवाळ्याचं कौतुक केलं, मग म्हणाला, "मघाशी कोच टीग आमच्याबरोबर होते. ते म्हणाले, स्ट्राउडच्या संघाचं नाव आज आलं नाही तर ही सगळी स्पर्धाच बंद करा. म्हणाले, मला जे काही येतं ते त्या माणसाच्या स्वयंपाकघरात शिकलो. काय सांगाल?" लोवेलला काय सांगायचं ते माहीत होतं. चांगला संघ आहे, त्यांच्याकडून हरण्यात कमीपणा नाही, आम्ही दोघंही तिथं असायला हवं. तोंडपाठ होतं. पण स्वयंपाकघर हा शब्द कानात शिरला आणि त्याच्या तोंडून वेगळंच बाहेर पडलं. "टीग मनानं चांगला आहे. पण खरं बोलायचं तर त्यांचा संघ काही एवढा नाही, बक. हिवाळ्यात दोनदा आम्ही त्यांना आडवं केलंय. काल शेवटी एक गारुड्याचा खेळ केला नि चालून गेला. असं वर्षातून एकदा होतं. मोठ्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी कळेल त्यांची पायरी." बक हसला. असलं काहीतरी मिळावं म्हणून तर तो फोन करतो. "कोच, तुम्ही अगदी मोकळं बोलता," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर एक क्षण बरं वाटलं. ओकारी झाल्यावर वाटतं तसं, हलकं. मग त्यानं वर बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात नडीन उभी होती, हातात सोललेला बटाटा, आतला रेडिओ तिनं नुकताच बंद केला होता. ती बटाट्याकडे बघत राहिली. आणि तेव्हा लोवेलच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. कुणाकडून हरलात, हा बारा जणांचा प्रश्न. आजवर त्याचं उत्तर होतं, एका उत्तम संघाकडून, एका गुणानं. आता उत्तर होतं, एका फालतू संघाकडून. आणि ते उत्तर त्यानंच दिलं होतं, स्वतःच्या तोंडानं, अर्ध्या राज्याला ऐकू जाईल असं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणतात, तो इथं अपशकुनही करू शकला नव्हता. कॉर्विनची जागा पक्कीच होती. गेलं ते नाक याचंच, आणि नुसतं याचंच नाही, त्या बारा-तेरा पोरांचं. ज्या बारा जणांच्या हातात सगळं होतं त्यांना रेडिओ ऐकायला फुरसत कुठं, त्यांच्यापुढे आकड्यांचे ढीग असतात, असं तो स्वतःला सांगत राहिला. बटाटे उकळले, जेवण झालं, तो सांगत राहिला. तीनला त्याच्या पुतण्यानं टेनेसीतून मेसेज केला, "काका, चांगली जिरवलीत टीगची," तेव्हा तो सांगायचा थांबला.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मोठा पडदा लावला होता. पोरं निळ्या शर्टांत पहिल्या रांगेत, मागे आईबाप, शाळेतली मुलं, बँड, आणि एका कोपऱ्यात टीव्हीचा कॅमेरा पोरांच्या तोंडाकडे रोखून. नाव आलं की पोरं उड्या मारतात ते दाखवायला हा कॅमेरा असतो. नाव आलं नाही तर काय करायचं हे त्या कॅमेऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. जॅरेल कडेच्या खुर्चीवर होता. त्याचा गुडघा सारखा हलत होता. लोवेल त्याच्या शेजारी बसला, पण त्याच्याकडे बघणं त्याला जमेना. कॉर्विनच्या कॉलेजचं नाव लवकर आलं. पडद्यावर त्यांचं सभागृह दिसलं, उड्या, आरडाओरडा, मध्ये कॉर्विन, आणि गळ्यात ती जाळी अजून होतीच, झोपताना तरी काढली की नाही देव जाणे. त्यांची गाठ पडली होती त्या बड्या विद्यापीठाशी, ज्याला नोव्हेंबरात लोवेलच्या पोरांनी घाम फोडला होता. मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि थांबलं. मग इतर नावं येत गेली. बड्यांचा पाचवा. बड्यांचा सहावा. पडद्यावर नावासाठी एकच रिकामा चौकोन उरला तेव्हा जॅरेलचा गुडघा थांबला. त्या चौकोनात बड्यांचा सातवा आला.

कुणी रडलं नाही. उलट फार शांत झालं, आणि त्या शांततेत पडद्यावरच्या तज्ज्ञाचा आवाज स्पष्ट ऐकू आला, कारण तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. "स्ट्राउडच्या संघाचं वाईट वाटतं. पण बघा, त्यांचेच कोच आज दुपारी म्हणाले की ज्यांच्याकडून आपण हरलो तो संघ काही एवढा नाही. मग आणखी काय बोलायचं?" आणि तो हसला. मागच्या रांगांतून एक हालचाल झाली, खुर्च्या किंचित सरकल्यासारखी. लोवेलच्या कानामागे तापलं. त्याला वाटलं, कुणीतरी आता उठून काहीतरी बोलावं, शिवी द्यावी. कुणी दिली नाही. या गावाची माणसं तोंडावर बोलत नाहीत, ती उठतात, कोट घालतात, "थंडी आहे अजून, नाही?" म्हणतात आणि घरी जाऊन बोलतात. बाया त्याच्या हाताला हात लावून गेल्या. कॅमेऱ्यावाल्यानं वायरी गुंडाळल्या. दुसऱ्या, कमी मानाच्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं, पहिला सामना मंगळवारी, इथंच, आणि लोवेलनं फोनवर हो म्हटलं, कुणीतरी मीठ आहे का विचारल्यावर म्हणावं तसं.

मग तो सभागृहाला लागून असलेल्या आपल्या खोलीत जाऊन बसला. दार अर्धं उघडं होतं, बाहेर जॅरेल नि दोन-तीन पोरं खुर्च्या घडी करून रचत होती, त्याचा ठोक ठोक आवाज येत होता. फोन वाजला. कॉर्विन.

"कोच, शपथेवर सांगतो, मला वाटलं होतं तुमचं नाव येणार."

"हं."

"मला धड आनंदसुद्धा होऊ देत नाहीत हे लोक." मागे त्याची पोरं गात होती. "तुकडा मिळाला का?"

"मिळाला."

"रागावलात?" उत्तराची वाट न बघता तोच पुढे म्हणाला, "ती मिठाची डबी तुमची होती, कोच. तेवढा तुमचा वाटा. पोस्टानं पाठवणं बरं दिसलं नसतं."

"रेडिओ ऐकलास?" लोवेलनं विचारलं. निदान भांडण तरी होऊ दे, असं त्याला वाटत होतं.

कॉर्विन हसला. "ऐकला की. उद्या सरावाच्या आधी पोरांना ऐकवणार आहे. पेटतील चांगली. तुमचे उपकारच झाले."

हे ऐकून लोवेलला जे झालं ते काल रात्रीपेक्षा वाईट होतं. याला लागतही नाही. आपण विष कालवलं नि यानं ते चटणीसारखं तोंडी लावलं. ज्याच्यावर आपण जळतो त्यानं जरा तरी होरपळावं की नाही? मग कॉर्विननं खरं काम काढलं. त्या बड्या संघाची तयारी हवी होती. गटातला हा नियम कुठं लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. जो मोठ्या स्पर्धेला जातो त्याला बाकीचे नऊ जण जे काही ठाऊक असेल ते देतात, चित्रफिती, चाली, कुणाचा गुडघा दुखतो तेसुद्धा. कारण एकाचा विजय म्हणजे सगळ्यांची किंमत वाढली. लोवेलनंही दिलं. पोरं दमली की त्यांचा कोच कुठल्या खेळाडूंना बसवतो, फ्री थ्रो कोण चुकवतो, डाव्या बाजूनं किती जोरात येतात, सगळं. कॉर्विन मधून मधून "हं, हं" करत लिहून घेत होता, बारा वर्षांपूर्वी घ्यायचा तसंच. "आणि त्यांचा तो उंच, लाल केसांचा? त्याला कसं अडवायचं?"

लोवेलचा हात खिशात होता. लाल्या. लोवेलची पोरं त्याला लाल्याच म्हणायची. नोव्हेंबरात चित्रफीत बघता बघता लोवेलला एक गोष्ट दिसली होती जी आणखी कुणालाच दिसली नव्हती, आणि ती त्यानं एकट्या जॅरेलला सांगितली होती. तेवढ्या एका गोष्टीवर ते तो सामना जिंकता जिंकता राहिले होते. "त्याला अडवणं कठीण आहे," लोवेल म्हणाला. "दोघं लावून बघ." "बरं," कॉर्विन म्हणाला. "आभारी आहे, कोच. नडीनला सांगा, जिंकलो तर चिली खायला येतो." फोन बंद झाला. लोवेलला डोळ्यांपुढे दिसलं, लाल्या दोघांच्या डोक्यावरून चेंडू टाकतोय, गुणफलकावर फरक वाढत चाललाय, वीस, पंचवीस, तीस, आणि कॉर्विन कडेला उभा आहे, गळा मोकळा, हसू गेलेलं. ते चित्र इतकं गोड होतं की तो ते बघत बसला.

"कोच टीग होते का?" जॅरेल दारात उभा होता. शेवटची खुर्ची त्याच्या काखेत होती.

"हो."

"लाल्याचं सांगितलंत?"

"सांगितलं."

"खांद्याचं?"

"हो," लोवेल म्हणाला. इतक्या सहज बाहेर पडलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग जिंकतील ते," जॅरेल म्हणाला. त्यानं खुर्ची भिंतीला टेकवली. "मी ऐकला रेडिओ, कोच. सगळ्यांनीच ऐकला. असू दे, रागात माणूस बोलतो." तो खाली बघत होता. "पण ते तिथं पहिल्याच दिवशी तीस गुणांनी आपटले, तर लोक म्हणतील, बघा, कोच स्ट्राउड बरोबर बोलले होते. मग आपण कोण ठरलो? आणि जिंकले, तर निदान मला जन्मभर सांगता येईल, यांच्याकडून आम्ही एका गुणानं हरलो होतो. मीच चेंडूकडे बघत बसलो होतो, हेही सांगेन." तो हसला, रडण्याच्या अगदी जवळ जाऊन. "मंगळवारी भेटू," तो म्हणाला, आणि खुर्ची तशीच ठेवून गेला.

सभागृहातले दिवे एकेक करून बंद झाले. रिंगची जाळी अंधारात पांढरी दिसत होती, फेब्रुवारीत न कापलेली, पुरती. लोवेलनं खिशातला तुकडा काढून टेबलावर ठेवला, गाठ वर करून. मग फोन उचलला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली आणि उचललाच नाही तर बरं, असं त्याला वाटत असतानाच गाणी नि आरडाओरडा कानात शिरला.

"कोच? काही राहिलं का?"

"लाल्याचा डावा खांदा बघ," लोवेल म्हणाला. "वळायच्या आधी तो खांदा खाली गेला, की तो स्वतः टाकत नाही. कोपऱ्यातल्या माणसाला देतो. दर वेळी. तुझा पोरगा आधीच त्या वाटेत उभा कर, चेंडू आपसूक हातात येईल."

पलीकडे कॉर्विन दूर कुठंतरी शांत जागी गेला असावा, कारण गाणी थांबली. "हे मघाशी का नाही सांगितलंत, कोच?"

"मघाशी तू हरावास असं वाटत होतं."

"आणि आत्ता?"

"आत्ताही वाटतंय," लोवेल म्हणाला. "खांद्याचं लिहून घेतलंस का?"